व्हिएन्नाची पाच दारं

सकाळच्या प्रार्थनेला शाळेची डावी बाजू रिकामी होती. उजवीकडे वरच्या वाडीची पोरं रांगेत हात जोडून उभी. डावीकडे, जिथे खालच्या वाडीची पोरं उभी राहत, तिथे नुसती लाल माती आणि त्यावर इकडून तिकडे फिरणारी एक कोंबडी.

प्रार्थना संपली. हेडमास्तर आठल्ये सरांनी मला बोटाने बोलावून घेतलं.

"पोंक्षे, काल तालमीत काय केलंत तुम्ही?"

"काही नाही सर. पहिला प्रवेश बसवला."

"कोण आधी आत आलं?"

"रशियाचा झार."

"झार कोण झालाय?"

"अनंत चाळके."

"आणि त्याच्यामागून?"

"ऑस्ट्रियाचा बादशहा. जनार्दन घाग."

सरांनी तपकिरीची डबी मिटून खिशात टाकली. "मग बरोबर आहे. युरोपचं मला काही माहीत नाही, पण धामणकोंडात युद्ध सुरू झालंय."

धामणकोंड हे रत्नागिरी जिल्ह्यातलं डोंगरउतारावरचं गाव. वर चाळक्यांची वाडी, खाली घागांची, आणि मधल्या सपाटीवर आमची शाळा. मी नुकताच इतिहास घेऊन बी. ए. झालो होतो. पुण्याच्या बाहेर राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडे. वर्गात मी निम्मा वेळ फळ्याकडे तोंड करून शिकवत असे. पण गॅदरिंगला नाटक कोणी बसवणार, असं सरांनी विचारलं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला होता. कारण नाटक माझ्या पेटीत तयार होतं. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर युरोपातले बादशहा, राजे आणि मंत्री व्हिएन्ना शहरात जमले आणि त्यांनी सगळ्या खंडाचा नकाशा नव्याने आखला, त्या परिषदेवरची एकांकिका. लिहिताना मला झोप येत नसे, इतका मी त्यात रमलो होतो. अनंत आणि जनार्दन हे दोघे अकरावीतले, उंच, खणखणीत आवाजाचे. म्हणून एक झार केला आणि दुसरा बादशहा. कोणता मुलगा कोणत्या वाडीतला, हे मी पाहिलंही नव्हतं.

"आठवड्यावर गॅदरिंग आहे," सर म्हणाले. "शिक्षण खात्याचे साहेब त्याच दिवशी तपासणीला येणार. अर्धी शाळा रिकामी दिसली तर अकरावीची मान्यता जाईल. मान्यता गेली की पुढच्या वर्षी दहावीही जाईल. मग आपण दोघे आणि ही कोंबडी."

मी धोतर सावरत खालच्या वाडीत गेलो.

जनार्दनचे वडील सोनू घाग पडवीत बसून कोयत्याला धार लावत होते. बुटके, रुंद खांद्यांचे. त्यांनी मला पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं, आणि पुन्हा धार लावायला घेतली.

"सोनूबा, मुलं शाळेत आली नाहीत."

"नाय येनार."

"पण का? ते नाटक आहे. पहिला आत येतो तो रशियाचा झार."

"झार आसंल. पन आत आला तो चाळक्यांचा अन्या." त्यांनी कोयत्याच्या धारेवर अंगठा फिरवून पाहिला. "मास्तर, तुमी परगावचे. तुमाला ठावं नाय. शिमग्याला देवीची पालखी देवळातनं भायेर निघते, तिला पयला खांदा कुनाचा, ह्याच्यावरनं सहा वरसं भांडान हाय. चाळके बोलतात आमचा, आमी बोलतो आमचा. सहा वरसं देवी देवळात बसून हाय. कोर्टाला निकाल देता आला नाय, आनि तुमी शाळेत देऊन टाकलात."

मी उरलेलं गूळपाणी पिऊन टाकलं. मग मी म्हणालो, "तसं असेल तर मी क्रम बदलतो. खरं म्हणजे परिषद व्हिएन्नात भरली, म्हणजे ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या घरीच. तो यजमान. पडदा उघडेल तेव्हा तो आधीच आत बसलेला असेल."

सोनूबांनी कोयता खाली ठेवला. "जना बसलेला? आनि बाकीची मागनं येनार?"

"हो."

"मग उद्या पोरं येतील."

मी जवळजवळ पळतच शाळेत आलो. इतकं सोपं होतं तर, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी डावी बाजू भरली आणि उजवी रिकामी झाली.

अनंतचे वडील रावजी चाळके स्वतः शाळेत आले. उंच, सडपातळ, डोक्याला पांढरा रुमाल. सरांच्या खोलीत खुर्ची असूनही ते उभेच राहिले.

"आमी पावने, आनि सोनू घाग घरधनी? आमी त्याच्या दारात जानार, तो बसून ऱ्हानार, आनि आमी रामराम करनार?"

"रावजी, ते ऑस्ट्रिया..." मी म्हणालो.

"ऑस्ट्रिया ऱ्हाऊ दे ऑस्ट्रियात. माजा पोरगा कुनाच्या दारात उबा ऱ्हानार नाय."

पुढचे दोन दिवस मी जे जे सुचवलं त्यातून काहीतरी निघालंच. दोघांनाही पडदा उघडण्यापूर्वीच बसवून ठेवू, असं म्हणालो, तर उजव्या हाताला कोण, हा प्रश्न आला. गोल टेबल ठेवू म्हणालो. आमचे चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, टेबल गोल असलं तरी एकाचं तोंड देवळाकडे आणि दुसऱ्याची पाठ देवळाकडे होणार. देवीकडे पाठ कोण करणार? मी नाटकच रद्द करू म्हणालो. सर म्हणाले, "आता रद्द केलंत तर दोन्ही वाड्या म्हणतील की समोरच्यांच्या भीतीने रद्द केलं. मग दोन्ही बाजू रिकाम्या."

त्या दुपारी मी रिकाम्या वर्गात बसून होतो. समोर युरोपचा नकाशा टांगलेला. मनात म्हणालो, हे चाळके आणि घाग काही वेगळं करत नाहीयेत. ज्यांची गोष्ट मी लिहिली ते तरी दुसरं काय करत होते? आधी कोण, उजवीकडे कोण, सही वर कोणाची. बादशहांनीही तेच केलं होतं. आणि मग मला एकदम आठवलं. कॉलेजात आमच्या प्राध्यापकांनी तास संपता संपता, डस्टर उचलत, हसून एक गोष्ट सांगितली होती. मी बाकावरून उठलोच. तसाच सरांच्या खोलीत गेलो, दारावर टकटक करायचंही विसरलो.

"सर, दोघांनाही बोलवा. एकाच वेळी."

"एकाच वेळी? आधी कोणाला निरोप पाठवू?" सरांनी विचारलं. मग दोघेही हसलो. दोन गडी एकदमच, दोन दिशांना पाठवले.

रावजी आणि सोनूबा आले. खोलीच्या दारात दोघेही थबकले. कोणीच आत पाऊल टाकेना. तेव्हा सर आणि मीच बाहेर आलो, आणि बैठक आंब्याखाली भरली.

मी बोलायला लागलो. मला आजही आश्चर्य वाटतं, पण घसा कोरडा पडला नाही.

"व्हिएन्नातही हेच भांडण झालं होतं. पाच मोठी राज्यं. प्रत्येकाचं म्हणणं, आत मी आधी जाणार. कोणीही मागे राहायला तयार नाही. मग त्यांनी काय केलं? ज्या दालनात बसायचं, त्याला दारं पाडली. पाच. प्रत्येकाला आपलं स्वतःचं दार. खूण झाली की पाचही दारं एकदम उघडली आणि पाचही जण एकाच क्षणी आत आले. कोणी आधी नाही, कोणी मागून नाही."

सोनूबांनी पायाच्या अंगठ्याने मातीत पाच रेघा ओढल्या.

"एकाच टायमाला?" रावजींनी विचारलं.

"एकाच."

"हे पुस्तकात हाय?"

"आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं."

"मग पुस्तकात आसनारच," सोनूबा म्हणाले. आणि चपापले. आपण चाळक्याच्या प्रश्नाला उत्तर दिलं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी तोंड फिरवलं.

"बादशा लोकांनी भिंती फोडल्या?" रावजी म्हणाले. त्यांना ते आवडलेलं दिसलं. "मान ठेवायला भिंत फोडली. बरोबर हाय. पन तुमी दारं कुठनं आननार?"

चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, "पुठ्ठ्यावर रंगवू. सुंदर दिसतील."

"पुठ्ठ्याच्या दारातनं माजा पोरगा येनार नाय. मी माज्या घरचं दार देतो."

"चाळक्यांचं दार येनार आसंल," सोनूबा आंब्याकडे बघत म्हणाले, "तर घागांचं पन येनार."

असं ते ठरलं. आणि मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. गाव दारं काढायला लागलं. सोसायटीच्या गोदामाचं दार आलं, ते प्रशियाच्या राजाला. वर्गाचं एक दार काढलं, ते फ्रान्सच्या मंत्र्याला. इंग्लंडच्या मंत्र्याला काही मिळेना, तेव्हा सरांनी आपल्या न्हाणीघराचं दार दिलं. "साहेबांना सांगू नका," ते म्हणाले. "इंग्लंडची अब्रू जाईल."

घागांचं दार आणायला मी चार गड्यांना घेऊन गेलो. फणसाच्या लाकडाचं, तेल पिऊन पिवळंधमक झालेलं. गडी ते उचलत असताना सोनूबांची बायको भागीरथीबाई माजघराच्या उंबऱ्यापाशी उभी होती. डोक्यावर पदर, हातात सूप. ती कधी माझ्याशी बोलली नव्हती. आता हळूच म्हणाली,

"मास्तर, वरच्या वाडीतलं आनलंव?"

"सकाळीच आणलं."

"दोनी फळ्या?"

"हो, दोन्ही."

"डावी फळी जपा हां," ती म्हणाली आणि आत गेली.

चाळक्यांच्या दाराचं खालच्या वाडीतल्या बाईला काय पडलंय, असं वाटून गेलं. पण गडी पायऱ्या उतरायला लागले होते, आणि मी त्यांच्यामागे धावलो.

गॅदरिंगचा दिवस उजाडला. तीन वाजता खेळ. मैदानात मांडव घातला होता, आणि रंगमंचाच्या मागच्या बाजूला सुताराने बांबू आणि वाशांच्या पाच चौकटी उभ्या केल्या होत्या. चाळक्यांचं दार घागांच्या दारापेक्षा चार बोटं उंच भरलं, म्हणून घागांच्या चौकटीखाली फळी सरकवली. मग दोन्ही वाड्यांचा एकेक माणूस काठी घेऊन आला, दोन्ही मापं घेतली, आणि मान हलवून गेला. डावीकडे खालची वाडी, उजवीकडे वरची, मध्ये बायका. पहिल्या रांगेत खात्याचे साहेब, त्यांच्या एका बाजूला रावजी, दुसऱ्या बाजूला सोनूबा. खुर्च्या सरांनी दोरी लावून सरळ केल्या होत्या.

मी पडद्याआड घंटा घेऊन उभा. दारांमागे पाच पोरं. अनंत चाळके आजोबांचा लाल अंगरखा घालून, छातीवर बाटल्यांच्या झाकणांची पदकं. जनार्दन घागच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट.

"एक लक्षात ठेवा," मी दबक्या आवाजात म्हणालो. "घंटा वाजली की दार उघडायचं आणि उजवं पाऊल. एकदम."

"सर, उजवंच ना?" अनंत म्हणाला.

"उजवंच," मी म्हणालो.

पडदा सरकला. पाच बंद दारं पाहूनच मांडवात कुजबूज झाली. सूत्रधाराने चार वाक्यं म्हटली. मी घंटा वाजवली.

गोदामाचं दार उघडलं. वर्गाचं उघडलं. न्हाणीघराचं उघडलं. घागांचं उघडलं.

चाळक्यांचं उघडलं नाही.

एक फळी जराशी हलली आणि अडकली. आतून अनंतने ओढली, पुन्हा ओढली. चौकट लटपटली. वरच्या वाडीतल्या माना पुढे झाल्या. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो, आणि मला रावजींची मूठ दिसत होती, खुर्चीच्या हातावर घट्ट आवळलेली.

जनार्दन घाग उंबऱ्यापाशी उभा होता. उजवं पाऊल हवेत. ते खाली टेकलं की संपलं. खालच्या वाडीतून कोणीतरी ओरडलं, "जना, जा की फुडं!" दुसरा ओरडला, "टेक पाय! देवीनं दिलाय मान!" उजवीकडची माणसं उठायला लागली. साहेब सरांना काहीतरी विचारत होते, आणि सरांचं तपकिरीचं बोट नाकाशी तसंच थांबलं होतं. मला एवढंच कळत होतं की आता पाय खाली येणार, आणि उद्या प्रार्थनेला दोन्ही बाजूंना कोंबड्या फिरणार.

जनार्दनने वडिलांकडे पाहिलं. मग त्या अडकलेल्या दाराकडे पाहिलं. त्याने पाऊल मागे घेतलं आणि आपलं दार लोटून बंद केलं.

ते बघून न्हाणीघराचं दार बंद झालं. मग वर्गाचं. मग गोदामाचं. पुन्हा पाचही दारं बंद.

मांडवात फक्त एका दारामागून धडपडण्याचा आवाज येत होता. आणि मग बायकांमधून एक आवाज उठला, मोठा, खणखणीत, अंगणातून पोराला हाक मारावी तसा.

"अन्या! ओढू नको! डावी फळी खालनं उचल! खालनं उचल आनि मंग ओढ!"

सगळी डोकी वळली. भागीरथीबाई उभी होती. पदर खांद्यावर आला होता.

"आरं, तिचा खुंट खळग्यातनं सुटतो! पायाची बोटं घाल खाली. हां. आता उचल!"

आतून 'खट्' असा आवाज झाला. कोणी सांगायची वाट न पाहता मी घंटा वाजवली, माझ्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. पाचही दारं उघडली. पाच उजवे पाय एकदम रंगमंचाच्या फळ्यांवर पडले. असा आवाज झाला की साहेब दचकले.

मग टाळ्या. डावीकडून, उजवीकडून, सगळीकडून. मी आत एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो, हातातली घंटाही वाजत होती, आणि ते माझ्या लक्षातच नव्हतं.

पुढचं नाटक कसं झालं ते मला नीट आठवत नाही. चांगलंच झालं असणार. झार आणि बादशहा नकाशावर काठी फिरवून पोलंडची वाटणी करायला लागले, तेव्हा मागून एकाने विचारलं, "आनि बेळगाव कुनाला?" मांडव हसून हसून लोळला, आणि झारलाही हसू आवरेना. साहेबांनी शेवटी शाळेची तोंडभर तारीफ केली. जाताना ते मला म्हणाले, "शिस्त फार छान. दारं एकदा उघडून पुन्हा बंद केलीत, ते काय होतं?"

"ऐतिहासिक आहे," माझ्याआधी सरच म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मी सरांना विचारलं, "घागांच्या बायकोला चाळक्यांच्या दाराचं कसं माहीत?"

सर माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला माहीत नाही? अहो, ती रावजींची सख्खी बहीण. त्याच दारात खेळून मोठी झाली. पूर्वी ती डावी फळी रोज अडकायची म्हणे. तिचं लग्न झाल्यावर रावजींनी उंबऱ्याच्या खळग्यात लोखंडी वाटी बसवून घेतली. ती वाटी घरच्या उंबऱ्यातच राहिली आणि दार इथे आलं. अनंतला ती खोड कुठून माहीत असणार? तो जन्मल्यापासून ते दार सरळ उघडतंय."

"मग ती आणि रावजी बोलत..."

"सहा वर्षं नाही. पालखीवरून राडा झाला, त्यात सोनूने मेहुण्याला ढकललं. रावजी पडले. उठून त्यांनी साऱ्या गावासमोर सांगितलं, घागांची भागी ह्या दारातनं पुन्हा आत यायची नाय. तेव्हापासून ना भाऊबीज, ना माहेरपण. आई गेली तेव्हासुद्धा ती अंगणात उभी राहून परत गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारं परत करायची होती. घागांचं दार आधी पोचवायचं की चाळक्यांचं, यावर सरांनी हात जोडले आणि म्हणाले, "एकदम निघा." गड्यांच्या दोन टोळ्या केल्या. मी चाळक्यांच्या दाराबरोबर वर चढलो.

चाळक्यांचं घर दुरूनच वेगळं दिसत होतं. दाराच्या जागी नुसती चौकट. तिला रात्रीपुरती घोंगडी लावलेली असावी, ती आता बाजूला खोचलेली होती. आतला चुलीचा धूर सरळ अंगणात येत होता. रावजी अंगणात, बाजल्यावर, घराकडे पाठ करून बसले होते. हातात पानाची चंची होती, पण पान लावलेलं नव्हतं.

गड्यांनी दार अंगणात टेकवलं. मी आभाराचे दोन शब्द मनाशी जुळवत होतो, तेवढ्यात आतून बांगड्या वाजल्या. भागीरथीबाई माजघरातून ओटीवर आली. हातात चहाचे दोन कप. एक तिने माझ्यापुढे धरला. दुसरा भावाच्या बाजल्यावर, त्याच्या मांडीजवळ ठेवला.

"बघितलंव मास्तर," रावजी पाठ न वळवता म्हणाले. "तोंडावर सांगितलेलं, ह्या दारातनं आत यायची नाय. आनि सकाळी उठून बघतो तर चुलीपुडं."

"मी कुठं दारातनं आले?" ती म्हणाली. "दार तर शाळंत व्हतं."

गड्यांपैकी एकजण तोंडावर टॉवेल धरून दुसरीकडे बघायला लागला. रावजींनी कप उचलला, फुंकर मारली, बशीत ओतून एक घोट घेतला.

"साकर जास्ती घातलीस."

"आईसारकी घातली."

ते पुन्हा प्यायले. मग मान वर न करता गड्यांना म्हणाले, "ते दार हितं कशाला आनलंव?"

"बसवायला, रावजी."

"कुनी सांगितलं बसवायला? फिरवा माघारी. शाळेला दिलं मी ते. मास्तर, लिवून घ्या. चाळक्यांकडनं शाळेला दार."

"अहो, पण तुमच्या घराला?"

"नवीन करू. सागवानी." त्यांनी चंची उघडली. "नव्या दाराचं मी अजून कुनाला काय बोललेलो नाय."

आम्ही ते दार पुन्हा उचललं आणि उतरणीला लागलो. जड होतं, पण गडी जवळजवळ पळत होते, आणि मीही एका कोपऱ्याला खांदा दिला होता. वाटेत दुसरी टोळी भेटली, घागांचं दार पोचवून येणारी. "हे काय, माघारी?" त्यांनी विचारलं. सगळेच हसत होते.

पालखी त्या शिमग्याला निघाली नाही. एका नाटकाने एवढं होत नाही. पण प्रार्थनेच्या रांगा भरलेल्या राहिल्या, आणि अकरावीची मान्यता आली. पुढच्या वर्षी गावाने देवळाची चौकट काढून रुंद केली, दोन माणसं खांद्याला खांदा लावून बाहेर पडतील एवढी. रावजी आणि सोनूबा तिच्यातून पालखी घेऊन एकदम बाहेर आले. मी गर्दीत मागे उभा होतो. मला दोघांचे फक्त रुमाल दिसले.

ते दार आम्ही एका रिकाम्या खोलीला बसवलं, आणि तिथे ग्रंथालय केलं. लोखंडी वाटी मी बसवू दिली नाही. मी निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत बसत होतो. नवीन मुलगा आला आणि दाराशी झटापट करायला लागला की आतली सगळी मुलं एका सुरात ओरडत, "डावी फळी खालनं उचल!"

निवृत्तीच्या आदल्या वर्षी ग्रंथालयासाठी मुंबईहून पुस्तकांचं खोकं आलं. त्यात व्हिएन्नाच्या परिषदेवरचा एक जाडजूड ग्रंथ होता. मी तो तिथेच उभ्याने चाळला. एका तळटीपेत लिहिलं होतं, की पाच दारांची गोष्ट लोकप्रिय आहे, पण तिला विश्वासार्ह पुरावा सापडत नाही.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग पुस्तक कपाटात नीट लावलं, बाहेर आलो, वाकून डावी फळी खालून उचलली, आणि दार ओढून घेतलं.